एकोणीस कैच्यांखालची आर्मांदीन

आर्मांदीन गुलारशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस पेर्शच्या टेकड्यांत अजून जन्माला यायचा आहे. एकोणिसाव्या वर्षी ती ला रूव्हेरच्या जुन्या जमीनदारी घरात धुणं करायला आली, पुढे स्वयंपाकीण झाली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या दोन खोल्यांत एक्केचाळीस वर्षं राहिली. दोन मालक गेले, नवरा गेला. ती जागची हलली नाही.

१९७४च्या वसंतात तिसरा मालक तिबो याने पॅरिसहून पेरीनो नावाचा वास्तुतज्ज्ञ आणला. पेरीनोने घराला बाहेरून एक फेरी मारली, दगडी बुरुजाला मान डोलावली आणि स्वयंपाकघराच्या विटा बोटाने खरवडल्या.

"ही बाजू मागाहून चिकटवलेली. फार तर शंभर वर्षांची. पाडून टाका, बुरूज मोकळा होईल."

तिबोला तिथे टेनिस खेळायला जागा हवीच होती. तो पेरीनोला घेऊन आत आला आणि म्हणाला, "आर्मांदीन, तुला शहरात फ्लॅट घेऊन देतो. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे."

"लिफ्टमध्ये बसून जाऊ कुठं? माझ्या ओळखीचं कोण राहतं वर?"

घाबरली तरी चेहऱ्यावर दाखवेल तर ती आर्मांदीन कसली! तिने सशाच्या रश्श्याखालची आच कमी केली, ॲप्रनला हात पुसले आणि पेरीनोला विचारलं, "साहेब, माळ्यावर गेला होतात?"

"गरज नाही, मादाम. भिंती सगळं सांगतात."

"भिंती ओलीने खचल्या, म्हणून ह्याच्या आजोबांनी छपराला टेकू देऊन नव्या बांधल्या. छपराला धक्का लागला नव्हता. चला वर."

वर कौलांखाली छपराचा भार पेलणाऱ्या ओकच्या कैच्यांची, म्हणजे लाकडी त्रिकोणी सांगाड्यांची रांग होती. मधे फळ्यांचा आडोसा आणि त्यात एक बुटकं दार. पावसाळी दिवसांत चादरी इथेच वाळत. कुठल्या खोलीची चादर कुठल्या कैचीखाली, हे आर्मांदीन लाकडावर पूर्वीच कुणी पटाशीने कोरलेल्या रेघा-फुल्यांच्या आकड्यांवरून ठरवी.

"आठ ते एकोणीस तुमच्या मोठ्या घरावर," ती म्हणाली आणि वाकून दारातून पलीकडे गेली. "आणि एक ते सात माझ्या डोक्यावर."

पेरीनोने विजेरीने एकेक आकडा पाहिला. मग उलटा फिरून पुन्हा पाहिला. त्याचे कान लाल झाले.

"सगळे आकडे एकाच हाताचे आहेत," तो शेवटी म्हणाला. "सुतारांनी सगळं छप्पर अंगणात जुळवलं, आकडे घातले आणि मग वर चढवलं. चारशे वर्षं तरी झाली असतील. आणि मोजायला सुरुवात... स्वयंपाकघरापासून केली. ही बाजू पाडता येणार नाही, मस्यू तिबो. घरच अर्धं होईल." तो तिच्याकडे वळला. "मादाम, हे इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, घर ज्यांचं आहे त्यांना माहीत असेल."

तिबो याच घरात जन्मला होता, पण माळ्यावर आज पहिल्यांदाच आला होता. त्याने टेनिस कोर्टाचा नकाशा घडी करून खिशात कोंबला. मग पहिल्या कैचीवरचा आकडा त्याने बोटाने चाचपून पाहिला.

"आर्मांदीन, मला माहीत नसलेलं अजून काय काय आहे गं इथं?"

"सांगते की सावकाश," ती म्हणाली. "मी कुठं जातेय?"