सेवेराचा दुसरा बाप्तिस्मा

बालांगिंगीच्या बेटावर तिला सगळे इंतान म्हणत. इंतान म्हणजे हिरा. हे नाव तिला सासूनं ठेवलं होतं. ठेवताना सासू म्हणाली होती, "नाकीडोळी काही खास नाही पोरगी, पण चिखलात सापडलेला माल आहे, तेव्हा हिराच म्हणू या." जमलेल्या बायका खो खो हसल्या. तिला तेव्हा बेटावरच्या सामाल भाषेचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून मार चुकवायला तीही हसली.

त्याआधी ती सेवेरा होती. उत्तरेकडच्या ख्रिस्ती विसाया लोकांच्या किनाऱ्यावरच्या तिगबावची, एका कोळ्याची मुलगी. ओहोटीला बायकांबरोबर शिंपल्या वेचत असताना तिला धरलं. टेहळणीच्या बुरुजावरचा राखणदार कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता. घंटा वाजली तेव्हा मोरोंच्या, म्हणजे दक्षिणेच्या बेटांवरच्या मुसलमान लुटारूंच्या, नावा बायकांपासून हाकेच्या अंतरावर आल्या होत्या आणि बायका गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेल्या. चिखलातून कुणी पळत नाही.

नावेत तिचे हात वेतानं बांधले होते. वल्हं मारणाऱ्यांतल्या एका तरुणानं पाण्याचा भोपळा तिच्या तोंडाला लावला. ती म्हणाली, "आयाव." तिच्या बोलीत आयाव म्हणजे नको. भाताला आयाव, पाण्याला आयाव, कुणी जवळून गेलं तरी आयाव. वल्हेकऱ्यांना गंमत वाटली. त्यांनी तिचं नावच आयाव पाडलं आणि वल्ह्यांच्या तालावर ते म्हणत राहिले. फक्त भोपळेवाला हसला नाही. त्याचं नाव इम्लानी. वाटणीत त्यानं दुसरं काही न मागता तिला मागून घेतलं आणि आईच्या हाताखाली कामाला लावलं. पुढे ती मोठी झाली, तेव्हा आईनंच दोघांचं लग्न लावून दिलं.

इम्लानी वाईट नवरा नव्हता. हे तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्यानं तिच्यावर हात उगारला नाही, मासा कापला तर पोटाकडचा तुकडा तिला दिला, मुलगा झाला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन भरतीच्या पाण्यात नाचला. मुलाचं नाव जुलासिरी. पण नैऋत्येचा वारा सुटला की इम्लानी इतरांबरोबर नाव पाण्यात लोटायचा आणि परत यायचा तेव्हा नावेत माणसं असायची.

ती माणसं वाळूवर उतरवली की कुणीतरी इंतानला हाक मारायचं. विसायांची बोली तिच्याइतकी मऊ कुणाला बोलता येत नव्हती. ती पुढे बसायची आणि सांगायची, "रडू नका. भात खा. जो खात नाही, त्याला आधी होलोच्या गुलामांच्या बाजारात नेतात." ते तिच्याकडे असं बघायचे, की जणू देवळातली मूर्ती बोलली. मग ते खायचे. आपण चांगलंच करतो आहोत, असं तिला वाटायचं.

पण वाळू रिकामी झाल्यावरही तिला बोलणं ऐकू यायचं. घर पाण्यात खांबांवर उभं होतं. भरती चढू लागली की खालचं पाणी खांबांशी कुजबुजायचं, ते विसायांच्या बोलीत. पाणी विचारायचं, माझी आई कुठे आहे? आम्हाला कुठे नेणार? ती मुलाला मांडीवर घेऊन मोठ्यानं गाणं म्हणायची.

सासू विचारायची, "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही, आई. पाणी चढतंय."

"पाणी रोजच चढतं."

एका वर्षी उतरवलेल्यांत एक केस पिकलेली बाई होती. इंतान नेहमीसारखी बोलायला लागली, "रडू नका, भात..." आणि ती बाई उठून उभी राहिली.

"सेवेरा? अगं, तू सेवेराच ना? मी बास्यांगमावशी! तुझ्या घराच्या मागचं घर!"

इम्लानी तिथंच उभा होता, सासूही होती. मुलगा कमरेला चिकटलेला.

इंतान म्हणाली, "कोण सेवेरा? मी नाही ओळखत. भात खा."

बास्यांगमावशी दुसऱ्याच कुणाच्या घरात राबायला गेली. दोघी विहिरीवर भेटायच्या. मावशीनं पुन्हा तिला नावानं हाक मारली नाही. एकदा घागर बुडवता बुडवता ती एवढंच म्हणाली, "बाई, आज वार कोणता, तेवढं तरी सांगता का? माझे दिवस हरवलेत."

इंतान इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "परवा मशिदीत जुम्मा झाला. आज रविवार."

मावशीनं घागर खाली ठेवली, छातीवर बोटानं क्रूस काढला आणि निघून गेली. त्यानंतर दर रविवारी इंतान विहिरीवर जाऊन "आज" म्हणायची. त्याहून जास्त दोघी कधी बोलल्या नाहीत.

मग कास्तिला आले. स्पॅनिश लोकांना तिकडे सगळे कास्तिलाच म्हणत. याआधीही ते शिडाच्या जहाजांतून आले होते आणि वारा पडला की हात चोळत परत गेले होते. या वेळी त्यांनी आगबोटी आणल्या. वारा नाही, ओहोटी चाललेली, आणि त्या काळ्या बोटी धूर सोडत सरळ किल्ल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. किल्ला म्हणजे माडाच्या खोडांची दुहेरी भिंत, मध्ये प्रवाळ आणि माती भरलेली. इम्लानीनं ती भिंत बघितली, मग बोटी बघितल्या आणि मुलाला आत घेऊन जा, असं बायकोला सांगितलं.

माणसं शर्थीनं लढली. तोफेचे गोळे संपले तेव्हा तिच्यात दगड भरले, शिड्या लावून चढणाऱ्यांना भाल्यांनी खाली लोटलं. सासू भिंतीवर पाणी पोचवता पोचवता गेली. पण शेवटी भिंतीला भगदाड पडलं, आणि मग आत जे झालं ते बेटावरचं वाचलेलं कुणी माणूस धडपणे सांगू शकलं नाही. कास्तिलांच्या हाती पडू नयेत म्हणून पुरुष आपल्याच बायकामुलांना मारू लागले.

इम्लानी आपला क्रिस, तो नागमोडी पात्याचा खंजीर, घेऊन तिच्यापुढे आला. त्याचा चेहरा काळवंडला होता. तो म्हणाला, "डोळे मीट. पोराचे पण झाक."

तिनं पोराचे डोळे झाकले. स्वतःचे मिटवेनात. तोंडातून शब्द निघाला तो कित्येक वर्षांत न उच्चारलेला.

"आयाव."

इम्लानी तसाच उभा राहिला. मग क्रिस खाली गेला. तो वळला आणि भगदाडातून बाहेर धावला. बाहेर संगिनी होत्या.

जिवंत सापडलेल्यांना कास्तिलांनी वाळूवर बसवलं. मागे शिपाई बेटावरचे माड तोडत होते. एका बाजूला मोरो, एका बाजूला सोडवलेले ख्रिस्ती कैदी, अशी निवड चालली होती. दुभाष्या पुढे येईपर्यंत पलीकडून बास्यांगमावशी ओरडली, "ती आमची आहे! तिगबावची सेवेरा! तिला इकडे घ्या!"

अधिकारी थांबला. दुभाष्यानं विचारलं, "खरं का? ख्रिस्ती आहेस तू? मग तुला घरी पाठवतील."

"आणि हा?"

"तो मोरोचा पोर. तो मोरोंबरोबर जाणार."

जुलासिरीनं तिचा झगा दोन्ही मुठींत धरला होता. ती सामाल भाषेत म्हणाली, "ती बाई भ्रमिष्ट झालीय. मी इथलीच. मी मोरो."

दुभाष्या मावशीकडे वळला. "काय गं म्हातारे, नक्की ओळखतेस?"

मावशीनं आधी पोराकडे बघितलं, मग सेवेराकडे.

"चुकलं माझं, साहेब," ती म्हणाली. "उन्हानं डोळे दिपले. आमची सेवेरा गोरी होती."

मावशी तिगबावला गेली. सेवेरा मुलाला घेऊन जहाजात चढली. पकडलेल्या सगळ्या मोरोंना दूर उत्तरेला, लुझोन बेटाच्या पोटात, नदीकाठच्या तंबाखूच्या मळ्यांवर नेऊन टाकलं. तिथं समुद्र नव्हता. वाराही मातीचा यायचा. सामाल बायका सकाळी उठून सवयीनं पाण्याकडे तोंड करायच्या आणि समोर डोंगर बघून खाली बसायच्या.

पाद्र्यानं सगळ्यांना रांगेनं उभं करून बाप्तिस्मा दिला. सेवेराच्या डोक्यावर दुसऱ्यांदा ते पाणी पडलं आणि तिचं नाव रेमेदियोस झालं. मग प्रार्थना शिकवायला सुरुवात झाली. तिला सगळ्या येत होत्या. पण ओळखलं तर मुलाला वेगळं करतील, या धास्तीनं ती मुद्दाम चुकायची, अडखळायची. एकदा मन दुसरीकडे होतं आणि ओठ पाद्र्याच्या पुढे धावले. पाद्री थांबून म्हणाला, "बघा, एका मोरो बाईवरसुद्धा देवाची कशी कृपा होते!" त्यानं तिला सगळ्यांपुढे उभं केलं.

जुलासिरीचं नाव मारियानो झालं, पण मळ्यावर त्याला त्या नावानं हाक मारली तर तो वळायचा नाही. म्हातारे त्याला किल्ल्याच्या गोष्टी सांगायचे. तंबाखूचं पान फाटलं म्हणून पहारेकऱ्यानं एकदा त्याला खांबाला बांधून फोडून काढलं. पाठीचे वळ सुकले, तसा तो आईपाशी येऊन बसला.

"आई, आम्ही काहीजण नदीनं खाली जातोय. समुद्राला लागलो की पुढचं बघू."

"आणि खाल काय?"

"बाप काय खायचा?"

ती पानांच्या माळा ओवत होती. सुई हातातच राहिली. "मग एक ऐक. विसायांच्या किनाऱ्यावर तिगबाव नावाचं गाव आहे. टेकडीवर दगडी बुरूज, खाली पाण्यात वाकलेला एक मोठा माड. तिथं जाऊ नकोस."

"का? पहारा आहे?"

"तिथं तुझी आजी आहे. असली तर."

तो बघतच राहिला. "म्हणजे बापानं तुला..."

"हो."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"बोलून काय करू? तुझा बाप आपल्याला मारायला आला आणि न मारता मरायला गेला. त्याच्याबद्दल तुला काय सांगू?"

जुलासिरीनं तिचे पाय धरले. "तिगबावला हात लावणार नाही, आई. शपथ."

तो गेला. त्याची काही खबर आली नाही. पण शपथ आठवली की तिला झोप लागायची.

ती म्हातारी झाली तेव्हा तंबाखूच्या कोठारावर एक नवा शिपाई आला. सोबत्याशी तो विसायांच्या बोलीत बोलत होता. तिला राहवलं नाही. "पोरा, कुठला तू?"

तो चमकलाच. "आजी, तुम्हाला आमची बोली येते? मी लिपायानचा. तिगबाव माहीत असेल तर त्याच्या शेजारचं गाव."

"तिगबाव कसं आहे?"

"नशीबवान. मी लहान असताना मोरो आले होते ना. नावा तिगबावपुढे येऊन थांबल्या. अगदी माणसांचे चेहरे दिसावेत इतक्या जवळ. लोक टेकडीवर पळाले. पण कुणी उतरलंच नाही. त्यांच्यातला एकजण उठून हातवारे करत होता म्हणतात, आणि नावा वळल्या." त्यानं पानाची थुंकी टाकली. "वळल्या त्या आमच्याकडे. आमच्याकडे बुरूज कुठला? माझी थोरली बहीण गेली. उलालिया."

म्हातारीनं ते नाव हळूच पुन्हा उच्चारलं.

"का हो आजी? तुमचं कुणी होतं का तिकडे?"

ती पाद्र्याकडे गेली. हा पाद्री नवा होता, तरुण. ती म्हणाली, "फादर, मी मुलाला एका गावाचं नाव सांगितलं."

"मग? त्यात पाप काय?"

"दुसऱ्याचं नाही सांगितलं."

त्याला काही उमगलं नाही. त्यानं चार प्रार्थना म्हणायला सांगितल्या. तिनं म्हटल्या, या वेळी न अडखळता.

पुढची काही वर्षं ती जगली. दुपारी दारात बसून ती काहीतरी पुटपुटत असायची. शेजारणींना वाटायचं, मोरोंचा जुना मंत्र असेल, आणि त्या मुलांना लांब बोलावून घ्यायच्या. पण ती गावांची नावं होती. नावेतून जाताना लागतात तशी, ओळीनं, त्या किनाऱ्यावरची तिला आठवत होती तेवढी सगळी. मध्येच एखादं सुटलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.