शटरखालचे पाय

मोहन गेल्याचा फोन आला तेव्हा, खरं सांगतो, मला आधी संशय आला. गणपतीतले कार्यक्रम टाळायला या माणसाने स्वतःच्या एकाच मावशीला दोनदा मारलं होतं. म्हणून खात्री करायला मी त्याच्याच घरी फोन लावला. वहिनींनी उचलला, आणि त्यांच्या नुसत्या 'हॅलो'वरून कळलं... या वेळी बनाव नव्हता.

ऐंशीच्या दशकात अंबरनाथला आमचा चौघांचा रॉक बँड होता. मोहन गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली लावायचा. ड्रम माझ्या मालकीचे होते, एवढ्या एकाच गुणावर मी लीडर होतो. टाळ्यांवर मोहनचा काडीचा विश्वास नव्हता. "लोक आरतीलाही टाळ्या वाजवतात," तो म्हणायचा, "म्हणून आरती हिट झाली म्हणायचं का?" स्टेजवर कधी समोर बघायचा नाही. मान खाली, नजर पहिल्या रांगेच्या बुडाशी. मला वाटायचं शिष्ट आहे, नाहीतर कुणाच्या तरी चपला आवडल्या असतील. बदलापूरच्या स्पर्धेसाठी त्याने एक गाणं लिहिलं. आमचं नाव होणार ते याच गाण्यावर, असं आम्हा तिघांना वाटत होतं. मोहन म्हणाला, "नाव झालं की लोक तेच गाणं पुन्हा पुन्हा मागणार, मग नवं कधी लिहायचं?"

त्याच सुमारास तो दर गुरुवारी दुपारी गिटार घेऊन उल्हासनगरला जायला लागला. विचारलं तर, "काम आहे." स्पर्धेत उल्हासनगरचाही एक बँड होता, त्यामुळे माझं डोकं फिरलं. एका गुरुवारी तोंडाला रुमाल बांधून त्याच्या मागे गेलो. वाटेत ओळखीच्या दोघांनी थांबवून विचारलं, "काय रे, दाढ दुखतेय का?" एका टेलरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आतून आमचंच गाणं ऐकू येत होतं. मी बाहेर उभं राहून ते अख्खं ऐकलं. वाकून आत बघायचं मात्र सुचलं नाही. पुरावा मिळाला होता ना. परत येऊन बाकीच्या दोघांना सांगितलं, मोहन फुटला. कारण न सांगताच त्याला काढलं. त्यानेही विचारलं नाही. वायर गुंडाळली आणि गेला. बदलापूरला उल्हासनगरच्या बँडने ते गाणं वाजवलंच नाही. आम्ही बदली गिटारवाला घेऊन ते वाजवलं आणि शेवटून पहिले आलो.

पंधरा दिवसांनी पँट अल्टर करायच्या निमित्ताने मी त्या दुकानात शिरलो. मालक लछमनदास म्हणाले, "वो गिटारवाला? यहाँ गाना टेस्ट करता था, साईं. बोलता था, मुँह से तो सब वाह-वाह करते हैं, पैर देखने का." पायाच्या मशिनवर तीन कारागीर शिवायला बसलेले असत, त्यांच्यासमोर तो नवं गाणं वाजवायचा. मशिनवरचे पाय तालात पडू लागले तर गाणं ठेवायचं, नाहीतर कागद फाडायचा. मी तिथून पळालो. पँट अजून आणलेली नाही.

माफी मागायला मला दहा-बारा वर्षं लागली. तोवर मोहनने स्टेज सोडलं होतं, कंपनीत नोकरी धरली होती, खरवईला घर घेतलं होतं. मी सगळं सांगितलं. तो चहा ढवळत म्हणाला, "माहीत होतं. शटरखालून तुझ्या चपला दिसत होत्या. डावीला तार बांधलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा पाय हलत होता. म्हटलं, आता हा आत येईल..." मग चमचा बशीत ठेवून, "गाण्याची खात्री पटली त्या दिवशी. तुझी नाही पटली."

तेराव्यानंतर खरवईला गेलो. खुंटीवर त्याच्या गिटारचा पट्टा होता, लछमनदासच्या कारागिरांनी जीन्सच्या तुकड्यांतून शिवलेला. वहिनींनी आमच्या प्रॅक्टिसची जुनी कॅसेट लावली. तेच गाणं. मी तोंडावर प्रसंगाला शोभेलसा भाव आणून बसलो. थोड्या वेळाने वर पाहिलं, तर वहिनी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली, माझ्या पायांवर होती.