एका टक्क्यासाठी मालकीण

घर विकत घ्यायला निघालेला माणूस माझ्यासमोर येऊन बसला की त्याचा पहिला प्रश्न कायद्याचा कधीच नसतो. "मॅडम, रजिस्ट्री अमावास्येच्या आत होईल ना?" हा पहिला. दुसरा पार्किंगचा. तिसरा, आपण किती हुशार आहोत हे मला कळावं म्हणून विचारलेला: "बँकेनं लोन पास केलंय, म्हणजे पेपर क्लिअरच असणार ना?" बँक स्वतःचे पैसे बुडणार नाहीत एवढंच बघते, तुमचं घर बुडेल की नाही हे बघायला तिला कोणी नेमलेलं नाही, हे मी निगडीच्या या ऑफिसात बसून वर्षानुवर्षं सांगत आलेय. पटत कोणालाच नाही.

एकानं विचारलं होतं, "सातबारा कशाला बघायचा? आपला फ्लॅट तर सातव्या मजल्यावर आहे." दुसऱ्याला मी स्पष्ट सांगितलं की दिघीकडची ती जागा लष्कराच्या हद्दीला लागून आहे, तिथल्या बांधकामाला परवानगी नाही, घेऊ नका. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "आमच्या लाइनीत एक फौजदार राहतो मॅडम. त्यानं काय बघितलं नसंल का?" फौजदारानं घर घेतलं की खालची जमीन आपोआप शुद्ध होते अशी या शहरात श्रद्धा आहे. हीच माणसं चाकणच्या कंपनीत केसाएवढा फरक निघाला तर अख्खी बॅच परत पाठवतात. पण जन्माची कमाई ज्यात घालायची तो दस्त वाचायला यांना वेळ नसतो. सही कुठं करायची तेवढं दाखवा, असं म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी असंच एक त्रिकूट आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याचा मोठा भाऊ. मूळचे लातूरकडचे, दिघीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे. नवरा चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासणीला, बायको तिकडेच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला. गावाकडचा जमिनीचा वाटा विकून आणि दोघांच्या पगारातली शिल्लक घालून मोशीत एक जुना फ्लॅट घ्यायचा होता. कर्ज नव्हतं. मोठा भाऊ कशाला आला होता म्हणाल, तर त्याची एकदा कोर्टात साक्ष झाली होती. तेव्हापासून घरातलं कायदेखातं त्याच्याकडे होतं.

"फ्लॅट मिसेसच्या नावावर करायचाय," नवरा म्हणाला.

मला क्षणभर त्याचं कौतुक वाटलं. मोठ्या भावानं ते लगेच धुऊन टाकलं. "एकट्या बाईच्या नावावर घेतलं की स्टँप ड्यूटीत एक टक्का सुटतो. आपलं नाव सोबत टाकलं की सुटत नाही. बरोबर ना मॅडम?"

बरोबरच होतं. सरकारनं ही सवलत बायकांच्या नावावर घरं व्हावीत म्हणून आणली. आमच्याकडच्या पुरुषांनी ती सणासुदीच्या ऑफरसारखी घेतली. साडीवर पिशवी फुकट तसं घरावर बायकोचं नाव.

मग सुरू झाले प्रश्न. घराबद्दलचा त्यात एकही नव्हता. मूळ मालक कोण, सोसायटीची काही थकबाकी आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, यातलं काहीही मोठ्या भावाला जाणून घ्यायचं नव्हतं. त्याला भीती होती ती घर ज्या बाईच्या नावावर होणार त्या बाईची. आणि ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"उद्या हिनं माहेरच्यांचं ऐकून परस्पर विकलं तर?"

"मालक विकू शकतो," मी म्हटलं.

"हिच्यामागं ते हिच्या भावाला तर नाही जाणार?"

"नाही. नवऱ्याला आणि मुलांना जाईल."

ती मरेल तेव्हाची व्यवस्था नीट आहे म्हटल्यावर दोघांचेही चेहरे जरा सैल झाले. अशा वेळी मला टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटतो. तिच्याकडे बघितलं तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, मला तिचाही राग आला.

शेवटी मोठ्या भावानं ठेवणीतला डाव काढला. खरेदी बायकोच्या नावानं करायची, आणि त्याच दिवशी तिनं ते घर नवऱ्याला बक्षीस द्यायचं. "बक्षीसपत्र करा मॅडम. नवरा-बायकोत त्याला खर्च किरकोळ येतो. आधी पुरुषाला विकायला काही वर्षं बंदी होती, ती पण आता काढलीय. मी सगळी चौकशी केलीय." म्हणजे एक टक्काही खिशात आणि घरही. नवरा भावाकडे अशा डोळ्यांनी बघत होता की जणू यानं चंद्रावर यान उतरवलं.

मी म्हटलं, मसुदा करून देईन, पण देणारीला मी एकटीला विचारणार. दोघांना खाली चहाला पाठवलं. मोठ्या भावाला ते आवडलं नाही. पण चहाचे पैसे लहान भाऊ देणार म्हटल्यावर गेला.

ती एकटी राहिल्यावर मी विचारलं, "ताई, हे बक्षीसपत्र तुम्हाला मनापासून करायचंय का?"

"ते म्हणतेल तसं," ती म्हणाली. मग आपणहून बोलली, "आता राहतो ती खोली भाड्याची हाय मॅडम. मालक भोसरीला असतो. तरी भांडण झालं की हे मला म्हणतेत, माझ्या घरातनं नीघ. दोनदा रात्रीची जिन्यात बसले मी. शेजारीण म्हणायली, खोली कुठं त्याची हाय? पण निघावं तर लागलंच की."

"मग तर हे घर सोडू नका."

"न्हाई कसं म्हणू? ते विचारत कुठं हायेत."

मसुदा तयार करायचा, सही तिच्या मर्जीनं, एवढंच मी तिला सांगू शकत होते.

खरेदीचा दिवस ठरला, अर्थात अमावास्या टाळून. रजिस्ट्रार ऑफिसात नेहमीचीच दाटी होती. ऑपरेटरनं दस्त हातात घेऊन पुकारा केला, "लिहून घेणार कोण, खरेदीदार? कॅमेऱ्यासमोर या." दोघं भाऊ एकदम उठले. नवऱ्यानं नवा शर्ट घातला होता, मोठ्या भावानं जॅकेट. ऑपरेटरनं कागदावरचं नाव वाचलं, दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "बाई कुठायत?" ती मागं भिंतीला टेकून उभी होती. हातात नवऱ्याचं आणि स्वतःचं अशी दोन हेल्मेटं. ती तिनं नवऱ्याच्या हातात दिली आणि पुढं आली.

फोटो झाला, अंगठा झाला. रजिस्ट्रार साहेबांनी मान वर न करता रोजचा प्रश्न विचारला, "दस्तातला मजकूर मान्य आहे का?"

मोठा भाऊ मागून म्हणाला, "आहे साहेब, आहे."

आता साहेबांनी मान वर केली. "तुम्हाला नाही विचारलं. बाई, तुम्ही सांगा. मान्य आहे का?"

"हाय," ती म्हणाली. एवढा मोठा आवाज तिच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नसावं, कारण त्याच्या हातातलं एक हेल्मेट खाली पडलं.

तिथून आम्ही माझ्या ऑफिसात आलो. मोठ्या भावानं वाटेत पेढे घेतले होते. पुडा सोडायच्या आधी त्याला बक्षीसपत्रावर तिच्या सह्या हव्या होत्या, मग लगेच पुन्हा रजिस्ट्रारकडे जायचं होतं. मी कागद तिच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. तिनं पेन घेतलं, पण टोपण काढलं नाही.

"मॅडम, ह्याला पण तिथं विचारतेत का, मान्य हाय का म्हणून?"

"विचारतात."

"मलाच?"

"तुम्हालाच. दुसऱ्या कोणाचं उत्तर चालत नाही."

"आणि न्हाई म्हटलं तर? काय गुन्हा लागतो का?"

इतक्या वर्षांत या टेबलासमोर विचारलेला इतका सरळ प्रश्न मला आठवत नाही. "गुन्हा कसला," मी म्हटलं. "बक्षीस द्यायचं की नाही हे देणाऱ्यानं ठरवायचं असतं. दस्त होत नाही, एवढंच."

तिनं पेन माझ्यासमोर परत ठेवलं. "मग ऱ्हाऊ द्या."

मोठ्या भावानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिला फितवलं, असं तो म्हणाला. बार कौन्सिलकडे तक्रार करणार होता, सरकारकडे करणार होता, सवलत आणणाऱ्याकडेही करणार होता. मी म्हटलं, अवश्य करा, आणि तक्रारीत एक टक्क्याची सगळी हकिगत नीट लिहा. तो पेढ्यांचा पुडा उचलून जिना उतरला. एवढ्या संतापातही पेढे विसरला नाही, याची मला गंमत वाटली.

नवरा मात्र खुर्चीतच होता. बराच वेळ बक्षीसपत्राची पानं उलटत बसला. माझ्या ऑफिसात एखादा दस्त पहिल्यांदाच कोणी एवढ्या लक्षपूर्वक वाचत असेल. मग त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, "म्हणजे मॅडम, उद्या आमचं काही भांडण झालं, आणि ही म्हणाली माझ्या घरातनं नीघ, तर मी जायचं कुठं?"

हा प्रश्न मी बायकांकडून शेकडो वेळा ऐकलाय. पुरुषाच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याला द्यायला माझ्याकडे चार झणझणीत उत्तरं तयार होती, आणि त्यातलं एकही मी वाया जाऊ देणार नव्हते.

पण तिनं खुर्चीखालची हेल्मेटं उचलली, एक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मी न्हाई म्हणणार तसं. चला, सेकंड शिफ्ट हाय."