नळाची रांग
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला आईची जांभळी साडी आणि पालिकेची ती रांग आठवते. डिंडोलीतलं आमचं नवं घर आईच्या नावावर होतं, नळ मात्र नव्हता, आणि नळाचे अर्ज घ्यायला खिडकीत बाबाच बसायचे. "मग तुम्हीच घेऊन जा की," आई म्हणाली. "मी नेणार नाही. सगळे येतात तशी रांगेत ये," बाबा म्हणाले. म्हणून पेटीतली ठेवणीतली साडी नेसून, धुसफुसत, माझा हात धरून ती उन्हात उभी राहिली. आमचा नंबर आला तेव्हा बाबांनी अर्जाला हातही लावला नाही. ते उठले, शेजारच्या टेबलावरच्या भाईंना बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गुजरातीत म्हणाले, "आ मारी पत्नी छे. एनुं काम माराथी न थाय, तमे जुओ." म्हणजे तिचं काम त्यांनी करायचं नाही, भाईंनी बघायचं. रांगेतली माणसं आईकडे बघायला लागली. रस्त्यात कायम तिच्यापुढे चालणारे आणि चारचौघांत तिचं नावही न घेणारे आमचे बाबा हे बोलले होते. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "नळाचं काय झालं?" "व्हईल ते," आई म्हणाली, "पण ह्यांनी आज भर हापिसात सांगितलं, ही माझी बायको." परवा ती साडी उन्हात टाकताना मी सहज विचारलं, आपल्याकडे नळ कधी आला गं? आईला आठवेना. साडीची घडी मात्र तिने मला घालू दिली नाही.