रागना फ्रेंकाचे अर्धे श्लोक

सेल्व्हिकमध्ये अशी बोलवा आहे की रागना आयॉल्फसनने घर सोडायच्या आधी आपल्या जन्मभराच्या कविता परसातल्या खोपटीत जाळल्या आणि त्या धुरावर मासे टांगले. को-ऑपच्या गल्ल्यावरची ब्योर्ग हे सांगताना एक हात छातीवर ठेवते, आवाज चर्चमधल्याइतका खाली आणते आणि मग हळूच जोडते, की मासे तसे बरे झाले होते, जरा कडवट लागले एवढंच. पेट्रोल पंपावर सकाळी कॉफीला बसणारे म्हातारे यावर काही बोलत नाहीत. ते नुसते श्वास आत ओढता ओढता "हो" म्हणतात, जणू सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं.

घडलं ते निराळंच. खोपटीत जाळले ते तळघरातले बुरशी धरलेले रिकामे खोके. मासे तर रागनाने त्या वर्षी धुरवलेच नव्हते, तिच्या अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. आणि कविता गेल्या विनिपेगला, विद्यापीठाच्या दप्तरखान्यात. पण त्या मागेच राहायच्या बेतात होत्या, आणि राहिल्या असत्या तर तो दोष शेजारच्या लोविसाच्या माथी आला असता. त्या आठवड्यात लोविसाचा डोळ्याला डोळा लागला नाही तो यापायी.

रागनाला सगळं गाव फ्रेंका म्हणायचं. फ्रेंका म्हणजे आत्या, मावशी, काकू, ज्याला जी कमी असेल ती. जन्मभर तिने शाळेची बस चालवली. सकाळी पोरं शाळेत सोडायची आणि दुपारी परत न्यायची, मधला वेळ ती सरोवराच्या काठाला बस उभी करून, इंजिन चालू ठेवून लिहीत बसायची. इंजिन बंद केलं तर थंडीत पुन्हा सुरू होण्याची खात्री नाही, म्हणून तिच्या सगळ्या कविता डिझेलच्या घरघरीत झाल्या. कागद म्हणजे बसच्या तपासणीचे तक्ते, त्यांची पाठकोरी बाजू. पुस्तकं निघाली, सगळी पातळ. दोन बक्षिसं मिळाली. एकदा टोरांटोला नेऊन मंचावर बसवलं, तेव्हा ओळख करून देणारा गृहस्थ तिला "उत्तरेच्या हिमाचा आर्त स्वर" म्हणाला. रागनाने माईक हातात घेऊन सांगितलं की हिमावर तिने एकही ओळ लिहिलेली नाही, हिम फावड्याने बाजूला करायचं असतं. पुढे तिला टोरांटोचं बोलावणं आलं नाही. तिला त्याचं सुखदुःख नव्हतं. ती म्हणायची, टोरांटोत कॉफी पातळ असते.

आता ती ऐंशीच्या घरात होती आणि दमली होती. आजारी नव्हती, कशाने खचलेलीही नव्हती. नुसती दमली होती, जिना चढून आल्यावर माणूस दमतं तशी, फक्त हा दम खाली बसत नव्हता. तिने घर विकलं. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली मिळाली, त्यात एक पलंग, एक खुर्ची आणि एक खिडकी. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं. विद्यापीठाला तिचे कागद हवे होते. विद्यापीठाने नेले नाहीत तर ते गावाबाहेरच्या उकिरड्यावर जाणार होते, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती आणि रागनाला त्यांच्याकडे पुन्हा बघायचं नव्हतं. "न्यायचं तर न्या म्हणावं," ती लोविसाला म्हणाली, "नाहीतर पुरा. मला विचारू नका."

तेव्हा चर्चच्या महिला मंडळाने कंबर कसली. लोविसा, ऑस्ता, थोरा आणि आणखी तिघी-चौघी बाह्या वर सारून रागनाच्या तळघरात उतरल्या. कुजके खोके बाहेर, कागद मासळीच्या धुतलेल्या प्लॅस्टिकच्या टबांत. काम चांगलं चाललं होतं. मग लोविसाच्या हाताला एक अर्धा श्लोक लागला.

आमच्या लोकांची ही जुनी खोड. समुद्रापारच्या बेटावरून आमचे पणजोबा आले ते गरीब आले, पण समस्यापूर्तीचा नाद बरोबर घेऊन आले. एकाने दोन ओळी टाकायच्या, दुसऱ्याने उरलेल्या दोन जोडून श्लोक पुरा करायचा. जाळी ओढताना, गाई पिळताना, मयताच्या जेवणातसुद्धा. अर्धा श्लोक समोर आला आणि पुरा केला नाही, तर ते पाहुण्याला उंबऱ्यात ताटकळत ठेवण्यासारखं. लोविसाने दोन ओळी वाचल्या, तिच्या तोंडून उरलेल्या दोन आपोआप निघाल्या, आणि बँकेतून फुकट मिळालेलं निळं पेन तिच्या ॲप्रनच्या खिशात होतंच. तिने टबाच्या झाकणावर कागद टेकवून लिहून टाकल्या. ऑस्ताने खांद्यावरून वाचलं, नाक मुरडलं आणि पुढचा आपण घेतला. मग काय विचारता. रागनाकडे अर्ध्या श्लोकांचा ढीग होता, बसमध्ये पोरं चढायची वेळ झाली की ती जिथल्या तिथे सोडायची. दुपार कशी सरली ते कुणालाच कळलं नाही. बायका वर आल्या तेव्हा सगळ्यांची बोटं निळी होती आणि पाठी मोडल्या होत्या. रागना वर स्वयंपाकघरात बसून होती. खालचं हसणं तिला ऐकू येत होतं. तिने कॉफी दिली, काही विचारलं नाही.

विनिपेगहून मिस थीसेन आल्या, दप्तरखान्याच्या. तरुण होत्या, सुती हातमोजे घालून आल्या होत्या आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी "चालेल ना?" म्हणत होत्या. टब उघडला, चालेल ना? खुर्ची इथे घेते, चालेल ना? पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, आणि तिसऱ्याला त्यांचं "चालेल ना" थांबलं. त्यांच्याकडे म्हणे पेन घेऊन आत पाऊल टाकू देत नाहीत, शिसपेन्सिलच लागते. इथे पन्नास वर्षांच्या कागदांवर गेल्या मंगळवारची निळी शाई होती.

लोविसा दाराशी उभी होती. तिला वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मिस थीसेन रागावल्या नाहीत, तेच वाईट. त्यांनी शांतपणे समजावलं की कागद वाया गेलेले नाहीत, पण कुठली ओळ कवयित्रीची आणि कुठली दुसऱ्या कुणाची, हे एकेका कागदागणिक नोंदलं पाहिजे. ते रागनानेच बसून सांगितलं तर उत्तम. नाहीतर विद्यापीठाची समिती कागद घेणार नाही. गाडी गुरुवारी येईल.

रागना म्हणाली, "मी ते परत वाचणार नाही."

मिस थीसेन म्हणाल्या, थोडं थोडं वाचू.

"पोरी, मी ते एकदा जगले, एकदा लिहिलं, आणि छापताना चारदा तपासलं. आता नको."

आणि उठून ती आडवी व्हायला गेली. आतून पलंगाचा आवाज आला. मिस थीसेन लोविसाकडे बघत राहिल्या आणि लोविसा झाकणाकडे.

घरी जाऊन लोविसाने आधी स्वतःला शिव्या घातल्या, मग फोन उचलला. ऑस्ता म्हणाली, आपण एकदोनच लिहिले होते. थोरा म्हणाली, आपण तर लिहिलेच नव्हते, थोरा कशाला लिहील. लोविसाने सगळ्यांना एकच सांगितलं: रागनाला वाचायला लावायचं नसेल तर आपल्याला कबूल करावं लागेल, एकूण एक ओळ, चारचौघांत.

बुधवारी दुपारी चर्चच्या तळमजल्यावर सगळ्या जमल्या. कॉफीची मोठी किटली, आलुबुखाराच्या मुरंब्याचे थर घातलेला केक. रागना कोट न काढता भिंतीकडेच्या खुर्चीत बसली, दातांत साखरेचा खडा धरून त्यातून कॉफी पीत. तिला फक्त हजर राहायचं होतं. वाचायचं काम लोविसाकडे. ती अर्धा श्लोक वाचायची, मग खालच्या निळ्या ओळी वाचायची, आणि जिची असेल तिने हात वर करायचा. मिस थीसेन शिसपेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर नाव लिहायच्या.

पहिल्या चारपाच कागदांना बायका लाजल्या. मग ज्या ओळीला हशा पिकला, तिला दोन हात वर झाले. ऑस्ता म्हणाली ती माझी. थोरा, जिने काहीच लिहिलं नव्हतं, म्हणाली, माझी, आणि आयुष्यात "डुक्कर" हा शब्द चर्चमध्ये आणायची ऑस्ताची छाती झाली नसती. ऑस्ता म्हणाली, थोराबाईंना डुकरांचा अनुभव जास्त हे मान्य, लग्नाला चाळीस वर्षं झाली त्यांच्या. मिस थीसेननी दोघींची नावं लिहिली आणि मध्ये प्रश्नचिन्ह काढलं. रागना हसली नाही, पण तिने खडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. तिच्या बाबतीत ते हसण्यातच जमा.

लोविसाचा आवाज बसत चालला होता, पण टब संपत आले होते आणि तिला सुटल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या टबाच्या तळाशी एक पिवळी पडलेली पावती होती, मासळी केंद्रातली, वजनाची. ती हातात येताच लोविसाने वाचायचं थांबवलं.

ती पावती गावात कुणाला माहीत नाही असं नव्हतं. रागनाचा भाऊ सोफनियास त्याच घरात राहायचा. तो पहाटे बर्फावर जाळी लावायला जाताना दोन ओळी टेबलावर टाकून जायचा आणि परत येईपर्यंत रागनाने श्लोक पुरा करून ठेवायचा. एका मार्चमध्ये तो या पावतीवर दोन ओळी टाकून गेला, बर्फ फाटला आणि तो आला नाही. रागनाने ती पावती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. इतकी वर्षं कपबश्या घेताना ती दिसायची आणि कुणी तिला हात लावायचं नाही. श्लोक पुरा न करण्याची मुभा असलेला गावातला तो एकच अर्धा श्लोक होता.

तो आता पुरा झालेला होता. खाली निळ्या शाईत, वाकड्या मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. झाकणावर लिहिलं की सगळ्यांचंच अक्षर वाकडं येत होतं.

लोविसाने रागनाकडे पाहिलं. रागना कॉफीत पाहत होती. वाचल्यावाचून सुटका नव्हती, म्हणून लोविसाने वाचलं:

उत्तरेचा वारा सुटला,
बर्फ बोलतो खाली;
वाट पाहून जीव विटला,
कॉफी थंड झाली.

हात कुणाचाच वर झाला नाही. ऑस्ताने थोराकडे पाहिलं, थोराने ऑस्ताकडे, आणि मग दोघींनी लोविसाकडे. "कॉफी थंड झाली" हे लोविसाचं पालुपद, दिवसातून दहादा. लोविसाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तिने नकारार्थी मान हलवली आणि पावती पालथी ठेवली, आणि तेवढ्यावरूनच सगळ्यांनी तिला गुन्हेगार ठरवलं.

"पुढचं घे, लोविसा," रागना म्हणाली.

पुढचं नव्हतंच. मिस थीसेननी चिठ्ठीवर "अक्षर अज्ञात" असं लिहिलं आणि हळूच विचारलं, हीसुद्धा घेऊन जाऊ, चालेल ना? रागना म्हणाली, न्या. एवढं एक अज्ञात राहिलं तर समितीची हरकत नसते, असं कळलं. गुरुवारी गाडी आली आणि टब गेले.

पण लोविसाला घास गिळेना. कागद बचावले होते आणि इज्जत गेली होती. गुरुवारी चार वाजता ती कोट चढवून रागनाकडे गेली. परसातून निम्म्या वाटेवर मी, तिच्या घरातल्या शाळकरी पोरीने, तिला गाठलं, कारण मला हे चुकवायचं नव्हतं. गावातल्या कुणाचाही आवाज मला काढता येतो, वर्गात मी रागनाची नक्कल करते ती सगळ्यांना ठाऊक, लोविसाचा आवाज तर झोपेतसुद्धा, आणि मला पक्कं ठाऊक होतं की त्या दोन ओळी तिच्याच.

स्वयंपाकघरात दोन खुर्च्या सोडून काही उरलं नव्हतं. लोविसा उभ्या उभ्या म्हणाली, "रागना, देवाची शपथ. बाकीचे सगळे मी केले असतील, पण तो नाही. त्याला मी हात लावीन का गं?"

मी म्हटलं, लावलास. कान खोटं बोलत नाही. वाट पाहणं, कॉफी, थंड, सगळी लोविसा आहे. बक्षीसवाली बाई असलं लिहीत नाही, आणि ऑस्ताने लिहिलं असतं तर त्यात डुक्कर आलं असतं.

रागनाने माझ्याकडे पाहिलं. ती फार दमलेली दिसत होती. "पैज लावतेस?" तिने विचारलं. "हरलीस तर हिवाळा सरून सरोवराचं पाणी मोकळं होईस्तोवर माझी नक्कल बंद. जिंकलीस तर आश्रमात येऊन माझ्या तोंडावर कर."

मी हात पुढे केला. तिने तो धरला, थंडगार होता आणि थरथरत होता.

"मी लिहिलं ते," रागना म्हणाली. "तुम्ही सगळ्या खाली हसत होतात. कप काढायला कपाट उघडलं आणि समोर ते. पेन टेबलावर पडलं होतं. म्हटलं, सगळेच उरकतायत, आपणही उरकून घ्यावं. मग पावती काढून टबात टाकली."

लोविसा मटकन खुर्चीत बसली. "मग काल सांगितलं का नाहीस? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या."

"सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, आत्ताच का. मग त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं." रागनाने डोळे मिटले. "ऑस्ताला आणि थोराला मी सांगीन. उद्या. आज नको."

आणि चांगल्या ओळी का नाही केल्या, एवढी वर्षं हातात होती तर, असं मी विचारलं. लोविसाने मला चिमटा काढला.

"आधी करून बघितल्या होत्या चांगल्या," रागना म्हणाली. "सोफनियासला आवडल्या नसत्या."

नोव्हेंबरात सरोवर गोठलं, आणि आता मेपर्यंत ते सुटायचं नाव घेणार नाही. वर्गात रोज कुणीतरी म्हणतं, रागना फ्रेंका काढ ना, माईक हातात घेतलेली. मी म्हणते, येत नाही.