अच्छाडची हेल्पलाइन आणि प्लेटमधलं शेवटचं भजं

“ऐका राऊतभाई, ऐका! वाजतोय ने? वाजतोय! पण उचलतो कोण?”

जयंतीशेठनी मोबाइल स्पीकरवर टाकून माझ्या चहाच्या कपाशेजारी आपटला. आम्ही गुजरातच्या वेशीवर, अच्छाडच्या ढाब्यावर बसलो होतो. समोर हायवे. ट्रक इतके की रस्ता ओलांडायचा तर माणसाने घरी निरोप सांगून निघावं. त्या गदारोळातही रिंग स्वच्छ ऐकू येत होती. वाजली, वाजत राहिली, बंद झाली.

शेठचा धंदा ब्रेकडाउनचा. हायवेवर ट्रक बंद पडला की ड्रायव्हर यांच्या नंबरवर फोन करतो, आणि हे मेकॅनिक नाहीतर क्रेन पाठवतात. फोन उचलला नाही तर ड्रायव्हर काही यांच्या आठवणीत झुरत बसत नाही. पुढच्या क्रेनवाल्याला लावतो.

“घरी बसून झोपा काढतात दोघी,” शेठ म्हणाले. “सोमवारपासून इथे ऑफिसला यायचं. जमत नसेल तिने घरीच आराम करायचा, कायमचा. नि तुमचं ते क्लाउड तुम्ही परत घेऊन जा.”

ते क्लाउड मी बसवलेलं होतं. माझा जन्म फोन बसवण्यात गेला. एवढी केबल ओढली आहे, की डहाणूच्या सगळ्या चिकूवाड्यांना गुंडाळून वर कपडे वाळत घालायला उरेल. पूर्वी ऑफिसात भिंतीवर एक डबा असायचा, ईपीएबीएक्स. बाहेरून आलेला फोन तो टेबलाटेबलांवर वाटायचा. आता डबा गेला. त्याचं काम लांबच्या कुठल्यातरी शहरात, एसी खोलीत बसलेला कॉम्प्युटर इंटरनेटवरून करतो. त्याला क्लाउड म्हणायचं. शेठचा नंबर लागला की कॉल तिथे जातो, आणि तिथून घरी बसलेल्या माणसाच्या मोबाइलमधल्या ॲपवर येतो. ढगाचा संबंध एवढाच, की बिघडलं की लोक माझ्यावर गरजतात.

घरी बसलेली माणसं दोन. मसोलीला मंदाताई. शेठच्या ऑफिसात त्यांचे केस पांढरे झालेले. ड्रायव्हरचा नुसता ‘हॅलो’ ऐकून गिअरबॉक्स गेलाय की डिझेल संपलंय ते सांगणाऱ्या. दुसरी उधव्याची संगीता, मंदाताईंच्या भावाची बायको. ताईंनीच तिला कामाला लावलं, शेजारी बसवून बोलायला शिकवलं. पुढे संगीताच्या सासूने, म्हणजे ताईंच्या आईने, अंथरूण धरलं. म्हातारीला कूस बदलायलाही माणूस लागतं. म्हणून तर शेठनी दोघींना घरून काम दिलं आणि मला बोलावलं. आता ऑफिस सक्तीचं झालं, तर ताई रिक्षाने येतील. संगीताची नोकरी गेलीच.

दुपारी तिचा फोन आला. “काका, शेठ खरंच बोलावणार? आईंना कोणावर टाकून येऊ?”

“तू फोन उचलतेस ना?”

“उचलते की!”

मंदाताईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, “भाऊ, फोन उचलते म्हणून तर जेवण थंड होतं.”

आता तिघांपैकी एक खोटं बोलत होता आणि कॉम्प्युटरला खोटं बोलायची अक्कल नसते. सिस्टिमचा रिपोर्ट काढला. कॉल दोघींकडे वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा तेच. मधेच एखादा उचललेला, तोही अगदी शेवटच्या रिंगला.

मग मी माझ्या नेहमीच्या चोरांना पकडायला निघालो. पहिला चोर बॅटरी सेव्हर. मोबाइल स्वतःची बॅटरी वाचवायला ॲपला झोपवून टाकतो. दोघींकडे बघितलं, बंद होता. दुसरा चोर नेटवर्क. उधव्याला अंगणाच्या या टोकाला मोबाइल महाराष्ट्रात असतो, त्या टोकाला गुजरातेत. एकदा माझ्या मोबाइलने तिथे वेलकमचे इतके मेसेज घेतले की मला वाटलं, निवडणुकीला उभा राहिलोय. पण संगीताकडे ब्रॉडबँडची वायर घरापर्यंत आलेली. तरी नवा राउटर घेऊन परत गेलो. तलासरीपासून आत त्या रस्त्याला एक खड्डा असा आहे, की त्यात शिरलेली म्हैस बाहेर येते तेव्हा तिच्याबरोबर रेडकू असतं. माझी कंबर त्याच खड्ड्यात राहिली. राउटर बदलला. फरक शून्य.

थकून तिच्या ओट्यावर बसलो. तिने पाणी दिलं. आत म्हातारी खोकत होती. तेवढ्यात ॲप वाजलं. संगीताने विजेच्या चपळाईने मोबाइल उचलून हातात घेतला, बोट हिरव्या बटणावर आणलं आणि तशीच थांबली.

रिंग वाजतेय. ही बघतेय.

“अगं घे की!”

“थांबा ना काका, ताई घेतील.”

“आणि नाही घेतला तर?”

“असं कसं? त्या मोठ्या. त्यांच्याकडेपण वाजतोय ना? त्यांच्या आधी मी कसा उचलू? त्यांना वाटेल, मी शिकवलं नि ही माझ्याच पुढे धावते.”

फोन बंद झाला. कुठेतरी एक ड्रायव्हर बंद ट्रकला टेकून शेठचं नाव घेत असणार. चांगल्या अर्थाने नव्हे.

मी कपाळाला हात लावला आणि तोच हात घेऊन थेट मसोली गाठली. मंदाताई सुकवलेले बोंबील निवडत होत्या, मोबाइल शेजारी पाटावर. माझ्यासमोर वाजला. ताईंनी त्याच्याकडे नातवाकडे बघावं तसं कौतुकाने बघितलं आणि पुढचा बोंबील घेतला.

“ताई, फोन!”

“वाजू दे. संगी घेईल. तिला सवय नको व्हायला? प्रत्येक वेळी मीच उचलला तर शेठ म्हणतील, दुसरी कशाला ठेवलीये? अगदीच नाही घेतला तर मी आहेच शेवटी.”

ऑफिसात दोघी एका टेबलाला होत्या. फोन वाजला की ताई भुवई वर करायच्या, ‘घे गं’, की संगीता उचलायची. आता एक मसोलीला, दुसरी उधव्याला. क्लाउडमधून आवाज जातो, भुवई जात नाही. पाहुण्यांच्या प्लेटमध्ये शेवटचं भजं उरतं ना, तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या, आणि शेवटी ते मोलकरीण खाते, तसे शेठचे कॉल दुसऱ्याची क्रेन खात होती.

चूक मीच केलेल्या सेटिंगची म्हणा. मी ‘एकदम वाजवा’ ठेवलं होतं. म्हणजे दोघींकडे एकाच वेळी रिंग, जी आधी उचलेल तिचा कॉल. मुंबईच्या ऑफिसांत हे झकास चालतं. तिथे कोणी कोणाची नणंद नसते.

ताईंच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडून मी क्रम लावला. आधी फक्त संगीताकडे वाजेल. ती दुसऱ्या कॉलवर असेल किंवा आईंपाशी अडकली असेल, तर थोड्या रिंगनंतर ताईंकडे. काम चहा गार होण्याआधी झालं. खरं काम पुढे होतं.

“म्हणजे तिच्याकडे आधी?” ताईंचा बोंबील हवेत थांबला. “आणि मी उरलंसुरलं खायला?”

“छे हो! ही सुपरव्हायजर लाइन. साधे कॉल खाली, अवघड कॉल वर. मोठ्या कंपन्यांत साहेबांकडे फोन असाच येतो.”

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. “भाऊ, तुम्ही थापा फार छान मारता.” मग बोंबील टोपलीत टाकला. “चालेल. पण संगीला सांगा, मी सांगितलंय आधी उचलायला.”

संगीताला फोनवर तेच शब्द सांगितले. ती म्हणाली, “ताईच म्हणाल्या ना? मग ठीक.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ढाबा. शेठनी भजी मागवली आणि म्हणाले, “आता टेस्ट. मी स्वतः लावतो. नाही उचलला तर सोमवार पक्का.”

नंबर लावला. अर्धी रिंग वाजली असेल नसेल, तोच संगीताचा आवाज.

“नमस्कार, ब्रेकडाउन हेल्पलाइन. गाडी कुठे उभी आहे?”

शेठ गडबडले. “गाडी... अच्छाड. ढाब्यासमोर. पण ते...”

“नंबर सांगा.”

शेठनी घाबरून स्वतःच्या कारचा नंबर सांगितला.

“गाडीतच थांबा, माणूस निघाला.” फोन कट.

शेठ अजून मोबाइलकडे बघत होते, तोवर त्यांचाच मेकॅनिक जवळच्याच ऑफिसातून जॅक आणि पाना घेऊन धावत आला, शेठच्या कारचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

“अरे, बंद कर! गाडी बराबर छे!” शेठ ओरडले. मग माझ्याकडे वळले. “सोमवारचं राहू दे. पण झालं होतं काय?”

आता काय सांगू? की तुमचा धंदा नणंद-भावजयीच्या मर्यादेत अडकला होता?

“प्रायॉरिटी कॉन्फ्लिक्ट,” मी म्हणालो. एवढ्या वर्षांत मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

शेठनी मान हलवली. प्लेटमध्ये एकच भजं उरलं होतं.

“घ्या राऊतभाई.”

“नाही शेठ, तुम्ही घ्या.”

“अरे तुम्ही...”

माझी कंबर दुखत होती, परतीचा रस्ता तोच होता, आणि हा खेळ कुठे जातो ते मी कालच बघून आलो होतो. भजं तोंडात टाकलं आणि उठलो.