आक्कांच्या कॉम्प्युटरातली स्थळं

आमच्या निपाणीत जेवढी लग्नं झाली त्यातली निम्मी वर स्वर्गात जुळली असतील, मी नाही म्हणत नाही. पण उरलेली निम्मी आमच्या शेजारच्या आक्कांच्या पुढच्या खोलीत जुळली, आणि टिकली म्हणाल तर तीच जास्त टिकली. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका पोथी लावतात, या बाईनं कॉम्प्युटर लावला. सदलग्यापासून बेळगावपर्यंत कुणाच्या घरात लग्नाचं पोर आहे ते आधी आक्कांच्या कॉम्प्युटराला कळायचं आणि मग भावकीला. मराठी असो, कन्नड असो, पत्रिका बघणारे असोत की विहारात लग्न लावणारे असोत, सगळ्यांना बसायला तीच खुर्ची आणि प्यायला तोच आल्याचा चहा. काम झालं तर एक नारळ आणि ब्लाऊजपीस, त्यावर काही घेतलं नाही.

त्यांच्या कॉम्प्युटरात कुणी बुटकं नव्हतं. उंची लिहिताना त्या सरळ दोन बोटं वाढवायच्या. मी एकदा टोकलं तर म्हणाल्या, "वैनी, गळ्यात हार पडला की माणूस तेवढा ताठ हुतोयच. मी आधीच लिवती, एवढंच." आणि निर्व्यसनी हा शब्द तर त्यांनी निपाणीत बसून असा काही वापरला, की बघत राहावं. आजोबा तंबाखूचे व्यापारी, वडील तंबाखूचे व्यापारी, घराच्या मागं तंबाखूची वखार, आणि मुलगा निर्व्यसनी! मी हसले की त्या चष्म्यावरून बघायच्या. "विकतोय, खात न्हाय. खरं तेच लिवलंय."

सगळ्यात मोठा फोल्डर मात्र जुळलेल्यांचा नव्हता. त्याचं नाव होतं 'नंतर कळवतो'. आक्कांचं म्हणणं असं, की मराठी माणूस म्हणतो नंतर कळवतो, कन्नड माणूस म्हणतो आमेले हेळतीवि, पण चहा दोघंही दोन-दोन कप पितात आणि कळवत कुणीच नाही. त्यात एक सदलग्याची मुलगी होती आणि आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा होता. दोघांच्या घरच्यांनी आक्कांना नंतर कळवतो म्हणून सांगितलं, आणि त्या दोघांनी कुणालाच न कळवता जाऊन एकमेकांशीच लग्न केलं. त्यांचं पोर आता शाळेत जातं. आक्का म्हणायच्या, "मी अजून वाट बघालीय, कवा कळवत्यात ते."

तर हा कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू केला की तवंदीचा घाट चढणाऱ्या ट्रकासारखा धापा टाकायचा आणि मध्येच निळा पडायचा. आक्कांची एकुलती एक मुलगी वैशाली बेळगावात कॉलेजात शिकवते, तिथंच स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही. अख्ख्या तालुक्याच्या मुली उजवणाऱ्या बाईची मुलगी घरात राहिली, हे बोलायला लोकांना जागा मिळालीच. आक्का कुणाला उत्तर द्यायच्या नाहीत, पण येणाऱ्या प्रत्येक बऱ्या स्थळाला वैशालीची माहिती गुपचूप पाठवायच्या. त्यावरून मायलेकींत असं वाजलं होतं की सणावारापुरतं येणं-जाणं उरलं होतं. म्हणून वैशाली एका रविवारी नवा लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मला भिंतीपलीकडं राहवेना, मी गेलेच.

तिनं चप्पल काढायच्या आधीच अट घातली. "आई, सगळं ह्यात घालून देते. माझी फाईल तेवढी न्यायची नाही. ती दिसली की मी परत येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"बरं," आक्का म्हणाल्या. त्यांचं ते बरं मला काही बरं वाटलं नाही.

वैशालीचं म्हणणं, सगळं एकदम कॉपी करून टाकू. आक्कांना कॉपी हा प्रकारच पटेना. "म्हंजे हितं बी ऱ्हाणार आणि तितं बी जाणार? पोरगी नांदायला गेली की म्हायेरच्या रेशनकार्डावरनं नाव निघतंय गं. दोन्हीकडं कसं काय?" त्यांनी एकेक फाईल उघडून बघायचा हट्ट धरला. ज्याचं लग्न झालं तो जुन्यातच राहील, ज्याचं व्हायचं तो पेनड्राईव्हवर बसून नव्यात येईल. मग काय विचारता! हा दुबईला गेला, हिला जुळी झाली, ह्यानं फोटोसाठी मित्राची मोटारसायकल आणलेली. जेवायची वेळ टळली तरी आम्ही तिघी हसतच होतो. वैशालीला असं मोकळं हसताना मी किती वर्षांनी बघितलं!

ती पाणी प्यायला आत गेली, आणि आक्कांनी पटकन माऊस ओढून घेतला. 'घरचं' नावाच्या फोल्डरातली वैशालीची फाईल आक्का पेनड्राईव्हवर टाकत होत्या. "आक्का," मी हळूच म्हटलं, "कशाला?" त्यांनी माऊस सोडला नाही. "वैनी, मी गेल्यावर तिचं कोण बघंल?"

वैशाली तांब्या घेऊन दारातच उभी होती. मला वाटलं, आता ही पोरगी निघाली. ती आली, खुर्ची ओढून आईशेजारी बसली आणि फाईल उघडून मोठ्यानं वाचायला लागली. "स्वभाव मनमिळाऊ. आवड, स्वयंपाक आणि विणकाम." थांबली. "आई, मी कधी विणलं गं?"

आक्कांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि म्हणाल्या, "मग काय आवडतंय तुला?"

वैशालीनं आईकडं बघितलं. अख्ख्या तालुक्याच्या पोरींना आक्कांनी हा प्रश्न विचारला होता. घरात तो पहिल्यांदाच विचारला जात होता. ती सांगायला लागली: सुट्टीत मैत्रिणींबरोबर जंगलात हिंडायला आवडतं, पोरांना शिकवायला आवडतं, एकटीनं सकाळचा चहा प्यायला आवडतो. आक्का एका बोटानं टाइप करत गेल्या. विणकाम खोडलं. उंची वैशालीनं कमी करायला लावली. शेवटचा रकाना आला, अपेक्षा. तिथं नोकरदार, निर्व्यसनी असं होतं, तेही आक्कांनी पुसलं आणि विचारलं, "हितं काय लिवू?"

"लिही, आईनं फोन करावा. स्थळ सांगायला नाही, नुसताच."

आक्कांनी ते लिहिलं. जुना कॉम्प्युटर मध्येच निळा पडेल म्हणून घाईनं सेव्ह केलं, आणि ती फाईल पेनड्राईव्हवर गेलीच नाही. "ऱ्हाऊ दे तितंच," त्या म्हणाल्या. "मला पाठ झालं."

आता नव्या लॅपटॉपवर नवी स्थळं येतात, आक्का उंची वाढवतातच. पण संध्याकाळी मला भिंतीतून त्यांचा फोन ऐकू येतो. "जेवलीस? काय केलतीस?" इतकी वर्षं लेकीशी स्थळांचंच बोललेली बाई, दुसरं काय बोलायचं ते तिला अजून सुचत नाही. मी इकडं भाजी निवडायची थांबते. पलीकडं दोघी गप्प असतात, आणि फोन कुणीच ठेवत नाही.